पाहिले ते सांगावे किती?

सत्य बोलावे, हे लेकरालाही ठाऊक असते. परंतु जे जे सत्य आहे ते ते सर्व, विचारील त्याला, विचारील तेव्हा सांगितलेच पाहिजे काय? हा प्रश्न मात्र लेकराचा नव्हे. याने भल्याभल्यांची मती कुंठित केली आहे. या वेळी तोच प्रश्न सज्जन वाचकांपुढे मांडावा असे मनात आहे, आणि तोही अशा विषयाच्या आधाराने, की जो आमच्या कीर्तनाच्या गादीवर सहसा येत नाही. तो विषय म्हणजे रानातली पाखरे, आणि ती पाहणाऱ्या मंडळींनी एकमेकांस दिलेली खबर.

यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. पैनगंगेचे खोरे, कापसाची काळी जमीन, मधूनमधून सागाचे आणि पळसाचे रान, नदीपलीकडे माहूर. या पट्ट्यात कीर्तनाच्या निमित्ताने आमचे जाणे-येणे असते. तिकडे पाखरे पाहण्याचा छंद लागलेली काही मंडळी आमच्या परिचयाची झाली आहेत. त्यांत कोणी मास्तर आहे, कोणाचे दुकान आहे, कोणी शेतकऱ्याचा पोर आहे. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून ही मंडळी पहाटे शिवारात जातात, काय दिसले ते तारखेसह टिपून ठेवतात आणि एकमेकांस कळवितात. पूर्वी ही टिपणे वहीत राहत. आता मोबाईलवरून घटकेच्या आत ती पुण्यामुंबईस, इतकेच काय सातासमुद्रापार पोचतात.

वर्षाचे चक्र या टिपणांत कसे उमटते ते पाहण्यासारखे आहे. चैत्र-वैशाखात नांगरटीच्या ढेकळांत टिटवी अंडी घालते, आणि वडपिंपळावर तांबटाची टुकटुक दिवसभर चालते. मृगाच्या आगेमागे पावशा ओरडू लागतो. शेतकरी त्याच्या ओरडण्यात 'पेरते व्हा' असा निरोप ऐकतो. त्याच सुमारास चातक येतो आणि दक्षिणेकडून नवरंग येऊन नाल्याच्या झाडीत शीळ घालतो. आषाढ-श्रावणात बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबू लागतात. भाद्रपद सरता सरता शेपटी हालवीत धोबी पाणवठ्यावर हजर होतो. दिवाळीनंतर मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचे थवेच्या थवे ज्वारीवर उतरतात, आणि इसापूर धरणासारख्या पाण्यावर चक्रवाकाची जोडी दिसू लागते. फाल्गुनात पळस पेटला की पुन्हा त्याच भोरड्या फुलांतला रस पिताना दिसतात, आणि मग एके दिवशी निघून जातात. वारकऱ्याला पंचांग न पाहता आषाढी कळते ना, तशीच ही पाखरांची वारी. तिथी चुकली तरी वाट चुकत नाही.

आता कोणी म्हणेल, "अहो बुवा, एकाने पाखरू पाहिले, दुसऱ्याला सांगितले, यात धर्माधर्माचा प्रश्न आला कुठून?" तो असा आला. माघ महिन्यात त्या मंडळींतल्या एकाला नाल्याच्या दरडीत शृंगी घुबडाचे घरटे दिसले. दरडीच्या खोबणीत नुसत्या मातीवर अंडी. हे मोठे घुबड असेच घरटे करते. ही खबर बाहेर द्यावी की न द्यावी, यावर मंडळींत तीन तट पडले. एक म्हणाला, "जे पाहिले ते लिहिलेच पाहिजे. जागेसकट लिहिले पाहिजे. लपविले तर ती नोंद कसली?" दुसरा म्हणाला, "घुबडावर लोकांचा डोळा असतो. जागा कळली की संपलंच." तिसरा म्हणाला, "मधला मार्ग आहे. गावाचे नाव भलतेच लिहू. नोंदही होईल, घरटेही वाचेल." तिघेही भले, तिघांचेही पाखरांवर प्रेम, परंतु शब्दाने शब्द वाढला आणि एकमेकांशी बोलणे बंद होण्यापर्यंत पाळी आली. मग प्रश्न आमच्याकडे आला. आम्ही पाखरांचे जाणते नव्हे; परंतु सत्य आणि अहिंसा यांच्या भांडणाविषयी शास्त्रात जे वाचले, ते या प्रसंगी कसे लागते एवढे पाहू शकतो.

प्रथम पहिल्या पक्षाचे बळ पाहू. पाहिलेले सांगणे हे मुळात पुण्यकर्म आहे. एका माणसाचे दोन डोळे एका बांधापुरते. चातक कोणत्या दिवशी कोणत्या गावी आला, हे शंभर गावच्या शंभर माणसांनी सांगितले तर त्याच्या येण्याची रेषा नकाशावर उमटते. १९८७ सालापासून दर जानेवारीत आशिया खंडातील अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणना होते, ती बहुतांशी अशाच हौशी माणसांच्या बळावर. एखाद्या तळ्यावरची बदके वर्षानुवर्षे कमी होत आहेत, हे एका वर्षाच्या पाहण्याने कळत नाही. जुनी टिपणे कोणीतरी जपलेली असतात म्हणून कळते.

आणि हे सांगणारा कोण असावा? न्यायशास्त्राने शब्द हे प्रमाण मानले, पण कोणाचा शब्द? तर आप्ताचा. आप्त म्हणजे सोयरा नव्हे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनांनी आपल्या भाष्यात याहून मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे, की हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेंच्छांना सारखेच लागू आहे. म्हणजे पाखराच्या बाबतीत रोज त्या रानात गुरे नेणारा गुराखी आप्त, आणि पोथीत वाचून बोलणारे आम्ही अनाप्त! मारुती चितमपल्ली यांनी हे ओळखले होते. वनखात्यात नोकरी करताना त्यांनी रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडून पाखरांची नावे गोळा केली आणि मराठीला पक्षिकोश दिला. २०२५ साली ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोहोंमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळावयाचे ठरविले.

आप्ताला एक पथ्य आहे. ऐकलेले पाहिले म्हणून सांगू नये. सुगरण म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ते घरटे विणणारा पक्षी नर असतो, हे किती जणांनी पाहिले आहे? चातक पावसाच्या थेंबावाचून पाणी पीत नाही, हा दृष्टांत आम्हीही गादीवरून देतो. भक्ताची अनन्यता समजावी म्हणून तो दृष्टांत, आणि तेवढ्यापुरता तो खरा. परंतु शिवारातला चातक सुरवंट खातो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकतो. दृष्टांत आणि साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून ज्या टिपणात "दिसला, पण ओळख पटली नाही" असे प्रांजळपणे लिहिलेले असते, ते टिपण आम्हाला फार मोलाचे वाटते. न पटलेल्या ओळखीला पटली म्हणणे हेही असत्यच, फक्त सभ्य कपड्यांतले.

आता तिसऱ्या पक्षाकडे वळू. गावाचे नाव भलतेच लिहावे, हे वरवर पाहता चतुराईचे दिसते. परंतु त्याचे फळ काय होते, याची एक खरी गोष्ट ऐका. सातपुड्याच्या रानात रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. १८८४ नंतर ते कोणाला मिळाले नाही. पुढे रिचर्ड माइनर्त्सहागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दावा केला, की १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे आपल्याला हा पक्षी मिळाला. पुराव्यादाखल पेंढा भरलेला पक्षीही होता. मोठा माणूस, मोठे नाव. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला. १९७५ च्या सुमारास आणि नंतरही जाणत्या लोकांनी शोध घेतला, पण तो या खोट्या माहितीच्या आधाराने गेल्यामुळेही वाया गेला. अखेरीस अमेरिकेतील विदुषी पामेला रासमुसेन यांनी जुने संग्रह तपासले तेव्हा उलगडा झाला. तो पक्षी त्या साहेबाने मांडवीस मारलेलाच नव्हता. डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात कितीतरी आधी मिळविलेला पक्षी लंडनच्या संग्रहालयातून चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती! ती चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेनबाई आणि त्यांचे सोबती जुन्या खऱ्या ठिकाणांकडे गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत दिसला. एकशेतेरा वर्षांनी! मग मेळघाटातही त्याचा ठावठिकाणा लागला.

सज्जनहो, येथे नीट विचार करा. त्या साहेबाने जागा खोटी सांगितली ती लौकिकासाठी, आणि आमचा तिसरा मित्र सांगू पाहतो ती दयेसाठी. हेतूत जमीनअस्मानाचे अंतर आहे. परंतु कागदाला हेतू कळत नाही. पन्नास वर्षांनी जो अभ्यासक ते टिपण वाचील, त्याला त्यातली दया दिसणार नाही, फक्त गाव दिसेल. आणि तो त्या गावी जाऊन रिकाम्या दरडी धुंडाळील. लिहिणारा मरतो, लिहिलेले जगते. म्हणून खोटी नोंद कोणत्याही हेतूने करू नये, हा आमचा पहिला निर्णय.

येथे कोणी शास्त्र जाणणारा आम्हाला अडवील. तो म्हणेल, "महाराज, कर्णपर्वातली कौशिकाची कथा विसरलात काय? तिथे तर प्रत्यक्ष भगवंतांनी प्राण वाचविण्यासाठी असत्याला मुभा दिली आहे." विसरलो नाही. ती कथा सांगतोच, कारण पहिल्या पक्षाला तिचे औषध हवेच आहे.

अर्जुन एका प्रतिज्ञेपायी धर्मराजावर खड्ग उपसून उभा राहिला, तेव्हा भगवंतांनी त्याला ही कथा सांगितली. कौशिक नावाचा तपस्वी होता. सदा सत्य बोलेन, हे त्याचे व्रत. चोरांच्या भयाने काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली. मागून चोर आले आणि विचारते झाले, "लोक कोणत्या वाटेने गेले?" कौशिकाने खरी वाट दाखविली. चोरांनी त्या माणसांना गाठून मारले. कौशिकाच्या शब्दात तिळमात्र खोटे नव्हते, तरी तो नरकाला गेला. योगसूत्रावरील व्यासभाष्यातही हाच आशय आहे: वाणी भूतमात्राच्या उपकारासाठी आहे, जिने प्राण्यांचा घात होतो ती सत्यासारखी दिसली तरी सत्य नव्हे, पापच होय.

घुबडाच्या बाबतीत चोर कोण, हे काय आम्ही सांगावे? दिवाळीच्या अमावस्येला मंत्रतंत्राच्या नावाखाली घुबडे मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे, तरी हा धंदा पुरता थांबलेला नाही. पण नुसता चोरच घातक असतो असे नाही. हौशी माणूसही घातक होतो. घरट्याचा फोटो काढण्यासाठी दहा जण दहा दिवस आले, तर आई अंड्यांवरून उठून जाते. अंडी थंडीत निवतात, किंवा माणसांच्या मागे लक्ष ठेवून असलेला कावळा डाव साधतो. यातल्या कोणाच्याही मनात पाप नसते.

दर्शनाचीच गोष्ट घ्या ना. दसऱ्याला नीलकंठ पाखराचे दर्शन शुभ मानतात. ही श्रद्धा मूळची गोड. सीमोल्लंघनाला शिवाराबाहेर जावे, तारेवर बसलेले निळे पाखरू उडताना पाहावे, मन प्रसन्न व्हावे. परंतु देशात कित्येक ठिकाणी लोक हे पाखरू आधीच धरून, बांधून पिंजऱ्यात घालतात आणि पैसे घेऊन दारोदार दाखवितात. त्यात कितीतरी पाखरे मरतात. ज्याच्या दर्शनाने शुभ व्हावे त्याच्याच गळ्याला फास! दर्शनाची घाई झाली की दर्शनच हिंसा होते.

आता कर्णपर्वातल्या मुभेचे उत्तर. भगवंतांनी आधी मौन सांगितले आहे. न बोलता सुटका होत असेल तर बोलूच नये. न बोलण्याने जिथे शंका येऊन घात होईल तिथेच असत्याचा अपवाद. आमच्या पक्षिमित्राच्या मानेवर कोणी तलवार धरलेली नाही. त्याला गप्प राहता येते. शिवाय चोराला तोंडाने सांगितलेले असत्य त्या प्रसंगाबरोबर संपते, नोंदीतले असत्य संपत नाही, हे वर पाहिलेच. म्हणून अपवादाचा आधार तिसऱ्या पक्षाला मिळत नाही.

मग दुसरा पक्ष, सरसकट मौनाचा, तोच खरा काय? तोही पुरता नाही. ईशान्येकडे नागालँडात डोयांग धरणाच्या परिसरात दर वर्षी अमूर ससाण्यांचे प्रचंड थवे उतरतात आणि तेथून भारत ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे जातात. २०१२ साली तेथे जाळी लावून ते लाखाच्या संख्येने मारले जात असल्याचे उघडकीस आले. ज्यांनी ते पाहिले त्यांनी जागा लपविली नाही, जगाला ओरडून सांगितली. पांगती आणि आसपासच्या गावकऱ्यांनी, चर्चने आणि सरकारने मिळून शिकार थांबविली. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, जाळी लागली नाहीत. तिथे मौन पाळणारा कौशिकाइतकाच दोषी ठरला असता.

आपल्या विदर्भातले उदाहरण गोंदियाचे. तेथे भाताच्या बांध्यांत सारसाची जोडी घरटे करते. ज्याच्या शेतात घरटे, त्या शेतकऱ्यालाच विश्वासात घेऊन तेथील सारसप्रेमी मंडळी त्याची राखण करवितात. म्हणजे खबर दिलीच आहे. पण जो राखू शकतो त्याला दिली आहे.

एवढे पाहिल्यावर सिद्धांत आपोआप हाती येतो. सत्याला दोन अंगे आहेत. जे सांगावयाचे ते जसेच्या तसे सांगावे, हे एक. आणि कोणाला, केव्हा, किती सांगावे हे त्या मुक्या जीवाच्या हिताकडे पाहून ठरवावे, हे दुसरे. पहिल्या अंगात तडजोड नाही. दुसऱ्यात विवेक आहे. सांगण्याने जीव वाचत असेल तर ओरडून सांगावे, घात होत असेल तर थांबावे, आणि थांबताना खोटे बोलू नये.

फुलसावंगीच्या मंडळींना आम्ही हेच कळविले. नोंद करा. पक्षी खरा लिहा, तारीख खरी लिहा. जागा तालुक्यापुरती लिहून थांबा, आणि "नेमके ठिकाण हेतुपुरस्सर दिलेले नाही" असे स्पष्ट लिहा. ई-बर्डसारख्या जगभरच्या नोंदवहीतही काही दुर्मिळ जातींची नेमकी ठिकाणे लोकांपासून झाकून ठेवण्याची सोय आहे, असे त्याच मंडळींनी आम्हाला दाखविले. म्हणजे जाणत्यांनाही हा प्रश्न पडलेला आहे. पिले उडून गेली की पूर्ण जागा तुमच्या वहीत नीट उतरवून ठेवा, पुढच्या पिढीसाठी. ज्या शेतकऱ्याच्या बांधाला ती दरड आहे त्याला मात्र आजच सांगा. घुबड उंदीर खाते आणि त्याचे धान्य राखते, हेही सांगा. ते भूताखेताचे वाहन नाही. धोका दिसला तर वनरक्षकाला सांगा. आणि कोणी दूरचा स्नेही जागा विचारू लागला, तर "मला माहीत नाही" असे म्हणू नका. "ठाऊक आहे, पण पिले उडेपर्यंत सांगणार नाही," असे म्हणा.

या शेवटच्या वाक्याला किंमत पडते. स्नेही रुसतो. "माझ्यावर एवढाही विश्वास नाही का?" म्हणतो. खोटे बोलले असते तर स्नेह राहिला असता, खरे सांगितले असते तरीही राहिला असता; या मधल्या वाटेत स्नेहाला घाव बसतो. तो सोसावा. जे सत्य बोलताना आपले काहीच जात नाही आणि दुसऱ्याच्या पिलांचा जीव जातो, त्या सत्याची बढाई कसली? उलट न सांगणाऱ्यानेही आपल्या अंतःकरणाला एक प्रश्न विचारावा. मी गप्प आहे तो पाखरासाठी, की "मलाच ठाऊक" या मिरविण्यासाठी? तसे असेल तर ते मौन नव्हे, तो कंजूषपणा. सांगणाऱ्याचा अहंकार गावभर दिसतो. न सांगणाऱ्याचा आतल्या आत पोसला जातो. दोन्ही अहंकारांतून पाखराला काही लाभ नाही.

वारकऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. आषाढीला लाखोंचा समाज पंढरीस जमतो. सगळ्यांनाच पायांवर डोके ठेवता येते असे नाही. कोणी मुखदर्शन घेतो, कोणी नामदेवाच्या पायरीला हात लावतो, कोणी वाळवंटात उभे राहून कळसाला हात जोडतो आणि वारी पोचली म्हणून आनंदाने घरी परततो. त्याचे दर्शन कोणी उणे म्हणत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याजवळ जाण्याची ओढ असावी, पण त्याला उपद्रव देऊन नव्हे. तुकोबारायांनी रानातल्या पाखरांनाही सोयऱ्यांत धरले आहे. सोयऱ्याच्या घरी बाळंतीण असेल तर आपण दार वाजवीत नाही. अंगणातूनच कुशल विचारून परत फिरतो. पाखराचेही असेच कुशल विचारावे. दुरून, हळू आवाजात, आणि खरे.

रामकृष्णहरि.